सीबीएसजवळचं टायपिंग-ॲफिडेविटचं दुकान: परदेशात राहणाऱ्या नाशिककरांनी कागद पाठवायच्या आधी इथे दाखवा

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी सातपूरचा, सध्या जर्मनीत स्टुटगार्टच्या बाजूला मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, ब्ल्यू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर. बायको पण इकडेच आहे आणि आमची मुलगी इकडेच जन्मली. दुकान नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडजवळ, जिल्हा कोर्टाच्या आसपास जिथे स्टॅम्प व्हेंडर आणि टायपिंगवाले बसतात त्याच भागात आहे. बोर्डावर दुकानाचं असं नाव नाही, टायपिंग, झेरॉक्स, ॲफिडेविट, भाषांतर एवढंच लिहिलंय. एक ताई चालवतात, त्यांचे वडील पूर्वी कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन बसायचे, तेव्हापासूनचं गिऱ्हाईक अजून येतं. ताईंकडे जर्मनीची कसलीही डिग्री नाही, त्या व्हिसा एजंट नाहीत आणि तसं सांगतही नाहीत. पण आमच्या घरातले कागद ज्या बारकाईने त्यांनी बघितले तसे इकडच्या ऑफिसमध्ये जाईपर्यंत कुणीच बघितले नव्हते, आणि इकडच्या ऑफिसात गेल्यावर कुणी बघणं म्हणजे उशीर झालेला असतो.

हे सगळं इतकं लांबण लावून लिहितोय कारण आता नाशिकहून पोरं भरपूर येतायत. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल कामगारांचा करार केला तेव्हापासून आयटीआयवाले, नर्सिंगवाले, ड्रायव्हर, सगळेच विचारतात. सातपूरच्या माणसाला मायको सर्कलमुळे (मायको म्हणजे आताची बॉश) जर्मन कंपनी काही नवीन नाही, पण जर्मन ऑफिस नवीन असतं. नोकरी, भाषा याबद्दल सगळे बोलतात, घरच्या कागदांबद्दल कुणी बोलत नाही आणि खरी अडचण तिथेच होते.

आधी इकडचं सांगतो म्हणजे दुकानाचं महत्त्व कळेल. मुलगी झाली की हॉस्पिटल कळवतं स्टान्डेसआम्टला, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूची नोंद करणारं शहराचं ऑफिस. ते जन्मदाखला देण्याआधी आईबापाचे कागद मागतात, दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, आणि जे जर्मनमध्ये नाही त्याचं शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून केलेलं भाषांतर. आता बाळाचा जन्मदाखला नाही तर भारतीय पासपोर्ट नाही, आमच्या भागाला म्युनिकचं कॉन्सुलेट लागतं, तिथे बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत नोंदवायचा असतो. पासपोर्ट नाही तर इकडचा राहण्याचा परवाना नाही, तो जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत मागावा लागतो. आणि दाखल्याशिवाय एल्टर्नगेल्ड (बाळासाठी घरी राहणाऱ्या आईबापाला मिळणारा भत्ता), किंडरगेल्ड (मुलामागे दर महिन्याला मिळणारे पैसे) अडकतं. किंडरगेल्ड 2025 मध्ये महिन्याला 255 युरो होतं, ते मागच्या सहा महिन्यांचं मिळतं, पण एल्टर्नगेल्ड अर्ज केल्याच्या आधीचं फक्त तीनच महिन्यांचं मिळतं, पुढे जेवढा उशीर तेवढे पैसे गेले. बायको घरी, भाडं चालू, आणि सगळं एका कागदावर अडकलेलं. त्या काळात आम्हा दोघांना रात्री झोप लागायची नाही हे खरं सांगतो.

स्टान्डेसआम्टला कागदांबद्दल खात्री वाटली नाही तर ते पूर्ण जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा देतात आणि त्यावर शेरा मारतात की आईची किंवा बापाची ओळख सिद्ध झालेली नाही. भारतीय आईबापांच्या बाबतीत हा शेरा खूप जणांना मिळालाय. स्वतःच्या लेकराच्या पहिल्या कागदावर तसं वाचताना कसं वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

आता अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून सरकार मारून देतं तो शिक्का. हे नीट वाचा कारण पैसे इथेच जातात. भारत अपोस्टिलच्या हेग करारात 2005 मध्ये आला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवला, त्यामुळे भारतातल्या दाखल्यावर अपोस्टिल मारून आणलं तरी जर्मनीसाठी त्याने काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी इकडच्या ऑफिसला वाटलं तर ते मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटला सांगतात की हे कागद खरे आहेत का तपासा, मग कॉन्सुलेट त्यांच्या विश्वासातल्या वकिलाकरवी चौकशी करून घेतं, तो माणूस नोंद जिथे झाली तिथलं रजिस्टर बघतो, शाळेत विचारतो, घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो. खर्च आपलाच, काही शे युरो, आणि महिने जातात. हे मला नाशिकच्या एका कन्सल्टन्सीने सांगितलं नाही, त्यांनी चांगल्या एसी केबिनमध्ये बसवून जन्मदाखले, लग्नाचा दाखला, डिग्री अशा सगळ्या कागदांच्या अपोस्टिलचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला, वर म्हणे जर्मनीसाठी कंपल्सरी आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथून थेट ताईंकडे गेले कारण त्यांच्या जुन्या कंपनीतल्या मित्राने सांगितलं होतं. ताई म्हणाल्या, "काका, माझं पण अपोस्टिलला पाठवायचं काम आहे, मला त्यात पैसे मिळतात, पण जर्मनीला नका करू, दुबई-बिबई असेल तर वेगळे नियम, तुमच्या मुलाला तिकडच्या ऑफिसकडून लेखी यादी मागवायला सांगा, त्यात असेल तेवढंच आपण करू." मी यादी मागवली, त्यात अपोस्टिल कुठेच नव्हतं. ज्या बाईला धंदा सोडून खरं सांगता येतं तिच्यावर माझा तेव्हाच विश्वास बसला.

आता काम कसं करतात ते सांगतो, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. अण्णांनी पिशवीतले सगळे कागद टेबलावर ठेवले. ताईंनी पहिल्यांदा झेरॉक्स पण नाही काढली, एक फुलस्केप घेतला, पट्टीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या, डावीकडे कागदांची नावं, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं मार्कशीट, आधार, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, आणि वर रकाने, स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव. मग प्रत्येक कागदावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत स्पेलिंग जसंच्या तसं उतरवलं, अक्षर अन् अक्षर, पेन्सिलने. जिथे फरक तिथे गोल. तो तक्ता अण्णांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा माझ्या बायकोच्या रांगेत इतके गोल होते की आम्ही दोघं बघतच राहिलो.

उदाहरण सांगतो. माझ्या सासऱ्यांचं नाव दत्तात्रय. आता हे नाव इंग्रजीत कुठे शेवटी वाय लावून थांबतं, कुठे वायनंतर ए येतो, कुठे मधे ई घालून दत्तात्रेय होतं. जन्मदाखल्यात एक, मार्कशीटवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही, बँकेत पण चालून जातं, माणूस तोच आहे हे गावाला माहीत असतं. इकडच्या टेबलामागे बसलेली बाई आपल्या गावची नाही, तिच्यासमोर फक्त फाईल आहे, आणि फाईलमधे तीन वेगवेगळ्या बापांच्या तीन मुली दिसतात. त्यात बायकांचं आणखी अवघड, लग्नाआधी स्वतःचं-वडिलांचं-माहेरचं, लग्नानंतर स्वतःचं-नवऱ्याचं-सासरचं, म्हणजे नावाच्या तीन शब्दांपैकी दोन बदलले. इकडे मधलं नाव असा रकानाच नसतो, पासपोर्टवर गिव्हन नेममधे जे आहे ते सगळं पहिलं नाव धरतात, त्यामुळे माझ्या बायकोच्या पहिल्या नावात माझं नाव आणि माझ्या पहिल्या नावात अण्णांचं नाव. हे त्यांना समजावताना तोंडाला फेस येतो, कागद नीट असले तर निदान समजावायला आधार असतो.

सगळ्यात मोठा गोल बायकोच्या जन्मदाखल्यावर होता. ती जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावात जन्मली, दवाखान्याने नोंद केली, आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, लिंग, सगळं आहे, बाळाच्या नावाच्या ठिकाणी रेघ. त्या काळात असे दाखले घरोघर आहेत, बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची आणि नंतर नाव टाकायला कुणी जायचं नाही. ताईंनी अण्णांना सांगितलं, "काका, हा दाखला अजिबात पाठवू नका, यात वहिनींचं नावच नाहीये, एकदा हा तिकडच्या फाईलला लागला की मागून नाववाला दाखला पाठवलात तरी ते म्हणतील दोन दाखले कसे." हे अगदी बरोबर होतं, पण हे कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या बाईला कसं सुचलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. नाव नंतर घालता येतं, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 खाली, त्याची 15 वर्षांची मर्यादा आहे पण जुन्या नोंदींसाठी सरकार वेळोवेळी मुदत वाढवत आलंय, त्यामुळे आपल्या नोंदीला आत्ता काय लागू आहे ते त्या त्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारायचं. ताईंनी अर्ज टाईप केला, शाळा सोडल्याचा दाखला जोडला, सासू-सासऱ्यांचं ॲफिडेविट केलं, आणि अर्जावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच घालायला लावलं, वडिलांचं पण. सासरेबुवा स्वतः जाऊन देऊन आले. नवा दाखला आला तो मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला.

हे दोन्ही असणं का महत्त्वाचं ते मला इकडे आल्यावर कळलं होतं आणि ताईंना अनुभवाने माहीत होतं. दाखला फक्त मराठीत असेल तर इकडच्या शपथबद्ध भाषांतरकाराला परक्या लिपीतलं नाव ठरलेल्या आयएसओ पद्धतीने लिहावं लागतं, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा, काही अक्षरांखाली टिंबं, आणि ते स्पेलिंग तुमच्या पासपोर्टशी कधीच जुळत नाही. दाखल्यावरच इंग्रजी स्पेलिंग छापलेलं असलं की तो तेच उचलतो. त्यामुळे घरात जुना हाताने लिहिलेला, पिवळा पडलेला मराठी दाखला असेल तर तो जपून ठेवा, पण इकडे पाठवायला नवीन कॉम्प्युटरवरचा काढा.

लग्नाच्या दाखल्याचं सोपं निघालं. आमची नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात झाली होती, 1998 च्या कायद्याखालचा नमुना ई दाखला आहे, त्यावर दोघांची लग्नाआधीची नावं नीट होती. ज्यांची नोंदणी अजून झालेली नाही त्यांनी परदेशात जायच्या आधी करून घ्या बाबांनो, कारण नमुना ड वर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते, आणि दोघांनी समोर जावं लागतं, इकडून बसून ते होत नाही. साक्षीदार मिळतील पण सुट्टी मिळणार नाही. फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवा, पत्रिका नको.

उरलेल्या फरकांसाठी वन अँड सेम पर्सनचं ॲफिडेविट. ऑक्टोबर 2024 पासून 100 चा स्टॅम्प जाऊन 500 चा झाला, त्यामुळे आता प्रत्येक बारीक गोष्टीसाठी वेगळं ॲफिडेविट करणं परवडत नाही, ताईंनी एकातच सगळे फरक टेबल करून घातले, कुठल्या कागदावर काय स्पेलिंग आहे ते कागदाच्या नंबर-तारखेसकट. इथे एक प्रामाणिकपणे सांगतो, जर्मन ऑफिस या ॲफिडेविटला पुरावा मानेलच असं नाही, आपण स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलंय असं ते म्हणू शकतात. ताईंनी पण तेच सांगितलं, की मूळ कागद दुरुस्त होत असेल तर तोच करा, ॲफिडेविट फक्त जे दुरुस्त होत नाही त्यासाठी. दहावीचं मार्कशीट आम्ही हात लावला नाही, आणि स्टान्डेसआम्टने मार्कशीट मागितलंही नाही.

मी स्वतः दुकानात गेलो ते नंतर, थोड्या दिवसांची सुट्टी काढून आलो तेव्हा. ती सुट्टी पण सहज नव्हती. माझं ब्ल्यू कार्ड रिन्यूला होतं, आमच्या शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेची (परदेशी लोकांचे परवाने बघणारं ऑफिस) अपॉइंटमेंट मिळता मिळत नव्हती, ईमेलला उत्तर नाही, फोन वाजत राहतो, शेवटी फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग मिळालं, म्हणजे अर्ज पेंडिंग आहे तोपर्यंत जुना परवाना चालू धरला जाईल असं पत्र. इकडे असलेल्यांनी हे लक्षात ठेवा, त्या पत्रावर इकडच्या राहण्याच्या कायद्याच्या कलम 81 च्या कुठल्या उपकलमासमोर टिक आहे ते बघूनच भारताचं तिकीट काढा. उपकलम 4 असेल तर जुना परवाना चालू मानतात, बाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम 3 असेल तर इकडे राहता येतं पण एकदा बाहेर गेलात की त्या पत्रावर परत येता येत नाही. माझं 4 होतं म्हणून आलो. ब्ल्यू कार्डवाल्यांना पुढे कायमचा परवाना लवकर मिळतो, बी1 (मधल्या पातळीचं) जर्मन असेल तर 21 महिन्यांनी, ए1 (अगदी सुरुवातीचं) असेल तर 27 महिन्यांनी, पेन्शनचे हप्ते तेवढे भरलेले लागतात. माझं आता त्यासाठीच चाललंय, म्हणजे ही दर रिन्यूची धाकधूक संपेल.

तर दुकानात गेलो तेव्हा माझ्या आधी एक मुलगा बसला होता, जर्मन शिकतोय, नर्सिंग झालंय. त्याच्या जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून. आपल्याकडे मास्तरांनी 1 जून लावून दिलेले किती लोक आहेत. ताई त्याला समजावत होत्या, "दादा, तुझा पासपोर्ट अजून काढलेला नाहीये ना, मग तुझं नशीब चांगलं आहे, आधी कुठली तारीख धरायची ते ठरव, शाळेत जा, जनरल रजिस्टरचा उतारा आण, मग बघू." त्याला वाटत होतं पासपोर्ट आधी काढू, बाकी नंतर बघू. ताईंनी त्याच्याकडून एक रुपयाही न घेता अर्धा तास त्याच्यासोबत घालवला. मागे लोक खोळंबले होते, एक वकील साहेब तर चांगलेच वैतागले, पण त्यांनी घाई केली नाही.

जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यांचा आवडता कागद आहे आणि त्याला कारण आहे. कॉन्सुलेटची चौकशी लागली की वकील शाळेत जातो, तिथे रजिस्टरला काय लिहिलंय ते बघतो. आपल्याला आधीच माहीत असेल तर धक्का बसत नाही. आमच्याकडे चौकशी लागली होती, माझ्या जन्मदाखल्याची नाही पण बायकोच्या दाखल्याची, कारण नाव मागाहून घातलेलं होतं. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, नाव घातल्याच्या अर्जाची पोच, ॲफिडेविटची कॉपी, जुना नाव नसलेला दाखला सगळं सासऱ्यांच्या घरी एका फाईलमधे ठेवा आणि कुणी विचारायला आलं तर सगळं दाखवा, काही लपवू नका. तसंच झालं. माणूस आला, सासूबाईंनी चहा केला, फाईल समोर ठेवली, त्याने फोटो काढले, शेजारच्या काकूंना विचारलं ही मुलगी कुणाची, लग्न कधी झालं, आणि गेला. काही आठवड्यांनी मुलीचा शेरा नसलेला पूर्ण जन्मदाखला हातात आला. बायको स्टान्डेसआम्टच्या पायरीवरच रडली.

भाषांतराबद्दल. बोर्डावर भाषांतर लिहिलंय म्हणून जर्मन भाषांतर तिथेच होतं असं समजू नका. ताई मराठी-इंग्रजी करतात, जर्मनसाठी त्या पुण्यातल्या भाषांतरकाराकडे पाठवतात. माझं मत, व्हिसासाठी मुंबईला फाईल लावायची असेल तर भारतात केलेलं चालवा, पण इकडच्या स्टान्डेसआम्टसाठी इकडच्याच कोर्टात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून करा, महाग पडतं पण नंतर कुणी बोट दाखवत नाही. मी ताईंना हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तसं सांगितल्याचं अण्णांनी मला कळवलं. अजून एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली, की ब्ल्यू कार्डवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला फॅमिली व्हिसासाठी ए1 चं सर्टिफिकेट लागत नाही. बऱ्याच मुली त्या सर्टिफिकेटसाठी महिनोन्महिने थांबून राहतात. भाषा शिकाच, इकडे रोज लागते, पण त्यासाठी व्हिसाचा अर्ज अडवून ठेवू नका.

पैसे. फाईल बघायचे, तक्ता करायचे काही घेत नाहीत. टायपिंग, नोटरी, झेरॉक्सचे जे कोर्टाबाहेर रेट असतात तेच. सरकारी फीची पावती वेगळी पिन लावून देतात, त्यात स्वतःचे मिसळत नाहीत. मी जास्तीचे द्यायला गेलो तर घेतले नाहीत, म्हणाल्या पुढच्याला पाठवा.

अर्धा स्टार कापला कारण जागा फारच छोटी आहे, दोन खुर्च्या, म्हातारी माणसं बाहेर उभी राहतात, उन्हाळ्यात अण्णांना त्रास झाला. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला उत्तर येतं पण रात्री उशिरा, परदेशातून विचारणाऱ्याला हे जड जातं. अर्जंट म्हटलं की सरळ नाही म्हणतात. आणि डिग्रीचं काही विचारू नका, अनाबिन, झेडएबी (परदेशी डिग्री तपासायचा इकडचा डेटाबेस आणि ऑफिस), नर्सिंगचं अनेरकेनुंग (शिक्षणाची इकडची मान्यता) यातलं त्यांना माहीत नाही आणि त्या तसं स्पष्ट सांगतात, त्यासाठी दुसरीकडे जा. परदेशातून अधिकारपत्र पाठवायचं असेल तर तेही आधी विचारून घ्या, साध्या दाखल्याच्या कॉपीसाठी सहीचं पत्र चालून जातं पण पॉवर ऑफ ॲटर्नी असेल तर कॉन्सुलेटमधे सही करून ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, हे ताई विचारल्याशिवाय सांगत नाहीत, सांगायला हवं.

जायचं असेल तर सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आधी जा, अकरानंतर पक्षकारांची गर्दी होते. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दुकान बंद. गाडी नेऊ नका, मेहेर सिग्नलच्या बाजूला लावायला जागा मिळत नाही, रिक्षा किंवा सिटी बसने सीबीएसला उतरा. सोबत ओरिजिनल न्या, मोबाईलमधले फोटो त्या बघत नाहीत. आईवडिलांना पाठवणार असाल तर परदेशातल्या ऑफिसने दिलेली यादी प्रिंट करून द्या, आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची रंगीत झेरॉक्स, कारण तक्त्याची सुरुवात तिथूनच होते.